जावयाच्या वाणातलं पेडल

आर्वीत कुठल्याही मांडवात भोंगा करकरला, की बसलेली माणसं एकमेकांकडे बघून म्हणायची, "हा काई पुंडलिकरावचा नोहे." पुंडलिकरावांना जगात दुसरं काही मिरवायचं नव्हतं, हे एक वाक्य त्यांना पुरे होतं. एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आणि घराच्याच पुढच्या खोलीत दुकान. लग्न असो, भजन असो, सभा असो की तेरवी, त्यांची मशीन जायची. ॲम्प्लिफायरला ते मशीन म्हणत, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात असा काही मान असे, की नव्या माणसाला वाटावं आतल्या खोलीत कुणी वडीलधारं निजलंय.

हा मान त्यांना भैय्याजींनी शिकवला होता. भैय्याजी त्यांचे उस्ताद. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्यांचं एक वाक्य पुंडलिकरावांच्या डोक्यात कायमचं बसलं होतं: "आवाज फाटला म्हणजे मशीनले दुखून राह्यलं असं समजजो. दुखनाऱ्याकडे मानूस पयले उठून जाते." पुंडलिकराव तसे उठून जात. जेवत असले तर ताटावरून उठत. गोपिकाबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, म्हणणं असं की माझं पोट दुखलं तर हे इतक्या तातडीने उठत नाहीत. आणि ते खरंच होतं.

धंद्याच्या बाबतीत ते व्यवहारी गडी होते. उगाच कुणाला सूट देत नसत. फक्त हिंगणीच्या कोकिळाबाईंच्या खंजेरी भजनाला ते वर्षातून एकदा स्वतः मशीन घेऊन जात, आणि त्याचा एक पैसा घेत नसत. भैय्याजींनी लावलेला पायंडा होता तो. का लावला, हे गोपिकाबाईंनी कधी विचारलं नाही आणि पुंडलिकरावांनीही मनाशी फार खोदलं नाही.

पण याच उठून जाण्यापायी त्यांनी घरातली एक मोठी गोष्ट बिघडवून ठेवली होती.

दोन वर्षांपूर्वी अंकिताचं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न झालं. मुलगा वर्ध्याचा, नीरज नावाचा, विम्याच्या ऑफिसात कामाला. शांत, सरळ, कुणाच्या अध्यात न मध्यात. मुलीच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या हातात मशीन द्यायची ही कल्पनाच पुंडलिकरावांना सहन होईना, म्हणून फेटा बांधलेला वधूपिता स्वतःच मिक्सरपाशी खुर्ची टाकून बसला होता. संध्याकाळी स्वागताच्या वेळी नीरज गिटार घेऊन स्टेजवर आला. अंकितासाठी काही वाजवायचं त्याने गुपचूप ठरवलं होतं. पायाशी साबणाच्या डबीएवढी एक लोखंडी पेटी ठेवली, गिटारची वायर त्यात घातली, तिथून मिक्सरला जोडली, पायाने पेटी दाबली आणि पहिला सूर छेडला.

तो सूर फाटला. भर मांडवात, पुंडलिकरावांच्या मशीनवर, अख्ख्या आर्वीसमोर.

पुंडलिकरावांनी विचारबिचार काही केला नाही. हात आपोआप गेला आणि त्यांनी मिक्सरवरचं गिटारचं बटण पार खाली ओढलं. आवाज बंद. नीरजला ते लगेच कळलं नाही. तो डोळे मिटून वाजवत राहिला, बोटं तारांवर फिरत राहिली आणि मांडवात कसलाही आवाज नव्हता. कुणीतरी खुदकन हसलं, मग बरेच जण हसले. नीरजने डोळे उघडले. त्याने एकदा मिक्सरकडे पाहिलं, ओठातल्या ओठात हसला आणि गिटार तिच्या पिशवीत ठेवून दिली. पुंडलिकराव एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ते माइक घेऊन म्हणाले, "गिटारमंधी बिघाड हाय, आपल्या मशीनमंधी नाई." लोक पुन्हा हसले.

जावई त्यावर एक शब्दही बोलला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. सणावाराला यायचा, वाकून नमस्कार करायचा, वाढलेलं सगळं खायचा, आणि पाचची वर्ध्याची गाडी पकडून निघून जायचा. राहा म्हटलं की उद्या ऑफिस आहे म्हणायचा, दुसऱ्या दिवशी रविवार असला तरी. गिटार त्याने आर्वीत पुन्हा कधी आणली नाही. अंकिता त्याच्याबरोबर यायची आणि त्याच्याबरोबरच जायची. तिची खोली गोपिकाबाई दर वेळी झाडून, गादीवर धुतलेली चादर घालून ठेवायच्या, आणि ती चादर तशीच घडी न मोडता परत कपाटात जायची. पुंडलिकरावांना याचं वाईट वाटायचं, फार वाटायचं. पण आपलं चुकलं असंही त्यांना वाटत नव्हतं. फाटलेला आवाज कुणी चालू ठेवतं का?

यंदा धोंड्याचा महिना आला. लग्नानंतरचा पहिलाच. अधिकातला जावई म्हणजे देवाच्या खालोखाल. त्याला पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, दिवा आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, त्याशिवाय सासऱ्याला जी ऐपत असेल ती भेट. गोपिकाबाईंनी अनारशाचं पीठ आंबवायला घेतलं, आणि भेटीचं काय ते ठरवायला अंकिताला फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून दुकानात बसलेल्या पुंडलिकरावांना सगळं ऐकू येत होतं.

"कपडे नको घेऊ, आई," अंकिता म्हणाली. "यायच्याजवळ लय हायत. खरं सांगू का? यायचं थे पेडल, थे पायानं दाबाची पेटी, बंद पडलं. गिटारचं. मोबाइलवर एक स्वस्तातलं पाह्यते रोज रात्री, अन् घेत नाई. म्हन्ते, आता कोन वाजवते."

'आता कोन वाजवते' हे तीन शब्द पुंडलिकरावांना लागले. ते काही न बोलता उठले, गोपिकाबाईंच्या हातून फोन घेतला आणि म्हणाले, "अंके, थ्याचा फोटो पाठवजो मले. अन् त्याईले सांगू नको." मग जरा थांबून, "अन् येतानी गिटार घेऊन या म्हना."

आठवड्याभरात पार्सल आलं. ओव्हरड्राइव्ह असं त्या पेडलचं नाव होतं. हिरव्या रंगाची डबी, वर तीन बटणं आणि खाली पायाने दाबायची एक कळ. स्वस्तातलं असलं तरी दिसायला देखणं होतं. सोबत मुंगीएवढ्या अक्षरातला इंग्रजी कागद होता. असले कागद वाचून मशीन दुरुस्त करणाऱ्यांविषयी पुंडलिकरावांचं मत फारसं बरं नव्हतं, म्हणून तो कागद खोक्यातच राहिला.

जावयाच्या हाती द्यायची वस्तू आधी तपासून बघायला नको का? गावातल्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या नीलेशकडून त्यांनी गिटार मागवली. नीलेश घाईत होता, तो गिटार टेकवून तसाच पळाला. पुंडलिकरावांना गिटार येत नव्हती, पण तारा छेडायला येणं कशाला लागतं. त्यांनी वायर थेट मशीनला जोडून तारा छेडल्या. स्वच्छ, घंटेसारखा आवाज. मग मध्ये हिरवी डबी जोडली, कळ दाबली, आणि पुन्हा छेडल्या.

आवाज फाटला. अगदी तसाच, लग्नातल्यासारखा.

पुंडलिकराव स्टुलावर बसूनच राहिले. दोन वर्षं छातीवर असलेलं ओझं उतरल्यासारखं त्यांना झालं. म्हणजे तेव्हाही रोग हाच होता. या डब्यांतच मुळात दोष असतो, कंपनीतूनच तशा येतात, आणि बिचाऱ्या जावयाला फसवून कुणीतरी तशीच एक गळ्यात मारली होती. जावयाचा दोष नाही, मशीनचा नाही आणि आपलाही नाही. कुणाचाच दोष नाही असा निकाल माणसाला फार आवडतो. पुंडलिकरावांनी तो ताबडतोब मान्य करून टाकला.

"गोपिके," त्यांनी आत हाक दिली, "माल खराब आला."

"मंग वापस करा नं."

"वापस काऊन करू? म्या कशाले हाय?"

त्यांनी डबीचे स्क्रू काढले. आत पाहिलं, तार कुठून कुठे जाते ते बोट ठेवून तपासलं, आणि रोग सापडायला त्यांना फार वेळ लागला नाही. आवाज जरा मोठा झाला की दोन बारके डायोड त्याचा वरचा आणि खालचा शेंडा छाटून टाकत होते. सरळ सरळ छाटत होते. असं कोण बनवतं, असं स्वतःशी पुटपुटत त्यांनी सोल्डर तापवून ते दोन्ही डायोड उपसून काढले. शिवाय एक रेझिस्टन्स बदलला, म्हणजे बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी आवाज हद्द सोडणार नाही. काढलेले तुकडे सवयीने चहाच्या जुन्या डब्यात टाकले, कारण पुंडलिकराव काहीच फेकत नसत. मग डबी बंद करून पुन्हा तारा छेडल्या. घंटेसारखा आवाज. बटण फिरवलं तर आवाज मोठा झाला, पण साफ राहिला. त्यांनी डबी फडक्याने पुसली, होती तशी खोक्यात घातली, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

रविवारी अकराच्या सुमारास जावई आणि मुलगी आली. ऊन मी म्हणत होतं, कूलर घरघरत होता. नीरजच्या पाठीवर काळी पिशवी होती, लांबट. अंकिताने आग्रह केला असणार, कारण त्याने ती दाराच्या आड, कोपऱ्यात, कुणाच्या नजरेत येणार नाही अशी ठेवली. पुंडलिकरावांच्या नजरेत ती आली होती.

जेवणं झाली. नीरजने नेहमीसारखं सगळं खाल्लं, तुपात बुडवलेला चौथा धोंडा नको नको म्हणत खाल्ला. मग पाटावर बसवून गोपिकाबाईंनी त्याला ओवाळलं, ताम्हणात दिवा आणि अनारसे ठेवून वाण दिलं. आणि शेवटी पुंडलिकरावांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खोकं पुढे केलं.

"घ्या, जवाईबापू. काई मोठं नाई."

नीरजने कागद काढला आणि त्याचा चेहराच बदलला. दोन वर्षांत पुंडलिकरावांनी हा चेहरा पाहिलेला नव्हता. तो लहान मुलासारखा अंकिताकडे, मग खोक्याकडे, मग सासऱ्याकडे बघत राहिला. "मामाजी, हेच पाहून राह्यलो होतो मी. हेच. तुम्हाले कोनं सांगितलं?"

"सांगाले कशाले लागते?" पुंडलिकराव म्हणाले. अंकिता खाली मान घालून हसली. "चाला, लावून पाहा. मशीन हाय नं आपली."

सगळे दुकानात आले. कोपऱ्यातली पिशवी आली, तिच्यातून गिटार निघाली. नीरजने ती मांडीवर घेतली, वायरी जोडल्या, हिरवी डबी पायाशी ठेवली. बोटं चटचट मोडली. कळ दाबली आणि पहिला सूर छेडला.

स्वच्छ सूर. नीरज जरा थबकला. वाकून त्याने मधलं बटण थोडं फिरवलं आणि पुन्हा छेडलं. सूर मोठा झाला, पण स्वच्छच. त्याने बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"पाहा," पुंडलिकराव खुलून म्हणाले, "जराबी फाटत नाई. कंपनीतून खराब आलतं. म्या खोलून दुरुस्त केलं. थ्यात दोन डायोड होते फालतू, थेच खात होते आवाज. काढून टाकले."

अंकिताने झटकन वर पाहिलं. ती काही बोलणार होती. नीरजने तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि ती गप्प झाली.

"साफ आवाज आहे, मामाजी," तो म्हणाला. "मस्त."

आणि तो वाजवायला लागला. एक संथ चाल, गोड. तो चांगलं वाजवत होता, पुंडलिकरावांच्या अंदाजापेक्षा कितीतरी चांगलं. गोपिकाबाई दाराला टेकून ऐकत राहिल्या. पण पुंडलिकरावांचं आयुष्य वाजवणाऱ्यांचे हात बघण्यात गेलं होतं. तबलजीचा हात हातोडीकडे गेला की तबला उतरलाय, बुवा माइकची मान वाकवायला लागले की आवाज पोचत नाही, हे त्यांना न सांगता कळायचं. आणि नीरजचा उजवा हात दर दोन ओळींनी खाली डबीकडे जात होता. बटणाला लागायचा, बटण आधीच शेवटाला टेकलेलं असायचं, आणि हात परत यायचा. काहीतरी शोधत होता तो हात, आणि त्याला ते सापडत नव्हतं.

चाल संपली. नीरजने वायरी काढून नीट गुंडाळल्या, डबी खोक्यात ठेवली. "घरी गेल्यावर निवांत वाजवतो," म्हणाला, आणि घड्याळाकडे बघून ओठातल्या ओठात हसला.

ते हसू पुंडलिकरावांनी ओळखलं. स्टेजवर मिक्सरकडे बघून तो असाच हसला होता. आपण पुन्हा काहीतरी केलंय एवढं त्यांना कळलं, काय ते कळेना.

"जवाईबापू, बसा जरा. यात काय कमी हाय?"

"काईच नाई, मामाजी."

"मंग हात काऊन जात होता खाली?"

नीरजच्या आधी अंकिताच बोलली, फार हळू. "सांगा नं आता त्याईले."

नीरजने खोकं मांडीवर घेतलं. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. "मामाजी, याले थो फाटलेलाच आवाज लागते. त्याच्यासाठीच असते हे पेडल. थे दोन डायोड म्हणजेच पेडल. बाकी नुसती डबी."

"मुद्दाम फाडते?"

"हाव. पण लय नाई. सूर तुटत नाई, जरा भरून येते. मानसाचा गळा भरून येते तसा."

"अन् लग्नात?"

नीरज खोक्याची कड बोटाने घासत राहिला, आणि तेच उत्तर होतं.

कूलर घरघरत होता. पुंडलिकरावांना एकदम हिंगणी आठवली. तरुणपणी ते भैय्याजींबरोबर पहिल्यांदा तिथे गेले होते तेव्हाची. कोकिळाबाई तेव्हा ऐन भरात होत्या. खंजेरीच्या तालावर त्यांनी वरची पट्टी धरली आणि तिथे त्यांचा आवाज चरचरून फाटला. पुंडलिकरावांचा हात लगेच बटणाकडे गेला, आणि भैय्याजींनी त्या हातावर सणसणीत चापट मारली. "हात मांगं घे. थे मशीन नाई दुखून राह्यली. थे बाई दुखून राह्यली. दुखू दे तिले, लोकायले ऐकू दे." कोकिळाबाईंचा नवरा त्याच पावसाळ्यात बोर नदीच्या पाण्यात वाहून गेला होता, आणि मांडवात एकाचेही डोळे कोरडे नव्हते. तेव्हापासून दर वर्षी ते हिंगणीला जात होते. तो फाटलेला आवाज ऐकायलाच जात होते की. आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नात, जावयाने तिच्यासाठी पहिलाच सूर काढला तर बटण ओढून मोकळे झाले होते. उस्तादांनी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. त्यांतली एकच त्यांनी आयुष्यभर पाठ केली. पुंडलिकरावांना लाज वाटली, इतकी की क्षणभर जावयाच्या तोंडाकडे बघवेना.

ते उठले आणि फळीवरचा चहाचा डबा काढला. वर्तमानपत्रावर उपडा केला. शेकडो तुकडे सांडले, सगळे जवळपास सारखे. त्यांनी चष्मा लावला, सोल्डरचं बटण चालू केलं.

"ब्याटरी धरा, जवाईबापू. हात हालवू नका."

नीरज खाली बसला आणि मोबाइलची बॅटरी धरली. दोघांची डोकी त्या हिरव्या डबीवर एकमेकांना लागतील इतकी जवळ आली. पुंडलिकराव एकेक तुकडा चिमट्याने उचलून उजेडात धरत आणि बाजूला ठेवत. दोन्ही डायोड सापडले. ते उलटसुलट, जसे होते तसे, त्यांनी परत जागेवर बसवले. राळेचा धूर निघाला. रेझिस्टन्सही जुना लावला.

"त्या दिशी म्या बटन ओढलं," ते डबीकडेच बघत म्हणाले.

"जाऊ द्या, मामाजी."

"जाऊ कसं देऊ? चुकलं माहं. लोकायसमोर ओढलं, अन् वरून माइकवर बोललो." त्यांनी शेवटचा स्क्रू आवळला. "तुमाले लय लागलं असन."

बॅटरी नीरजने अजून धरलेलीच होती. "लागलं," तो म्हणाला. "अंकितासाठी बसवलं होतं थे. तीन महिने."

पुंडलिकरावांनी मान हलवली. मग उठून त्यांनी दुकानाचं शटर पूर्ण वर केलं. कोपऱ्यातले स्पीकरचे दोन मोठे बॉक्स, लग्नाला न्यायचे ते, एकेक करून ओढत ओट्यावर आणले आणि गल्लीकडे तोंड करून लावले. गोपिकाबाई म्हणाल्या, "अवो, हे काय करून राह्यले?" त्यांनी मिक्सर ओट्यावर ठेवला, शेजारी स्टूल ठेवलं, आणि जावयाला खुर्ची आणून दिली.

"थेच वाजवा. लग्नातलं."

"इथं? मामाजी, सारी गल्ली ऐकन."

"ऐकू द्या."

उन्हं कलली होती. गल्लीत सावली आली होती, लोक ओट्यांवर पाणी मारत होते. डेपोतून पाचच्या गाडीची घोषणा ऐकू आली. नीरजने एकदा तिकडे कान दिला, एकदा अंकिताकडे पाहिलं. अंकिता उंबऱ्यात बसली होती. तिने शेजारी ठेवलेली प्रवासाची पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत ठेवून आली.

नीरजने कळ दाबली. सूर छेडला आणि तो फाटला. गल्लीभर फाटला. पुंडलिकरावांचा उजवा हात ताडकन उचलला गेला. त्यांनी तो डाव्या हाताने धरला, मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिले. पहिल्या काही सुरांचा त्यांना खरोखर त्रास झाला, दात शिवशिवावे तसा. मग हळूहळू त्यांना त्या खरखरीच्या आत सूर दिसायला लागला. तुटत नव्हता. उलट धरून ठेवत होता, सोडवत नसल्यासारखा. अंकिताने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. एवढं बसवलं होतं पोराने, आणि तिला ते आज ऐकायला मिळत होतं.

समोरच्या घरातून शोभाबाई बाहेर आल्या. हातात पाण्याची बादली तशीच. लगीनघाईच्या दिवसांत भर दुपारी मशीन तपासली तरी कधी कुरकुर न करणाऱ्या या शेजारीणबाई. बॉक्सकडे बघत त्या काळजीने म्हणाल्या, "भाऊ, तुमची मशीन फाटली वाट्टे."

नीरजची बोटं मंदावली. आणखी दोनचार घरांतून माणसं बाहेर डोकावली होती. पुंडलिकरावांचा भोंगा फाटलाय ही गोष्ट आर्वीत संध्याकाळपर्यंत पसरायला वेळ लागणार नव्हता.

"मशीन बरोबर हाय, बाई," पुंडलिकराव गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "माहे जवाई वाजवून राह्यले. असंच असते हे. बसा, ऐका."

शोभाबाईंनी बादली खाली ठेवली आणि ओट्यावर बसल्या.

पुंडलिकरावांनी मांडीखालचा हात बाहेर काढला. तो मिक्सरकडे गेला, गिटारच्या बटणावर टेकला. नीरजने ते पाहिलं. त्याची बोटं तारांवर जागच्या जागी थांबली, आणि तो त्या हाताकडे बघत राहिला.

पुंडलिकरावांनी बटण वर सरकवलं, आणखी थोडं वर सरकवलं, आणि हात मागे घेतला.

"वाजवा," ते म्हणाले.